विळी, किसणी आणि खवणी : घरातील हत्यारांची निवड

स्वयंपाकघरात रोज जी कामे चालतात त्यांना मराठीने दिलेली क्रियापदे एकदा ओळीने मांडून पाहावीत. भाजी आपण चिरतो, फळ कापतो, ओला नारळ खवतो, सुके खोबरे किसतो, सुपारी कातरतो, खमंग काकडीसाठी काकडी चोचवतो, बटाट्याच्या काचऱ्या करतो, आंब्याच्या फोडी करतो आणि आले-लसूण ठेचतो. एवढे शब्द भाषेने उगीच साठवलेले नाहीत. प्रत्येक शब्दामागे हाताची एक वेगळी हालचाल आहे आणि त्या हालचालीला जुळणारे एक वेगळे हत्यार आहे. बाजारात उभे राहून ‘सर्व कामे करणारे एकच यंत्र’ विकणारा माणूस या सगळ्या शब्दांना एकाच पिशवीत कोंबतो. आपली पहिली चूक होते ती तेथेच.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर राज्यकारभार, अर्थकारण, साहित्य, विज्ञान असे मोठमोठे विषय गाजत आले आहेत. त्या पंक्तीला विळी आणि किसणी आणून बसवावी काय, अशी शंका कोणाला येईल. आमचे उत्तर असे की, आमचे सारे आयुष्य कामगारांत गेले, आमचे शिक्षण शाळेत कमी आणि वाचनालयात अधिक झाले, आणि तेथे आम्ही एक गोष्ट शिकलो : हत्यार हा कामगाराच्या जीवनातला पहिला प्रश्न आहे. पगार त्याच्यानंतर येतो. कारण पगार महिन्यातून एकदा हातात पडतो, हत्यार मात्र दिवसभर हातात असते. कारखान्यातील हत्याराविषयी आम्ही मालकाशी भांडतो. मग घरात जी बाई सकाळ-संध्याकाळ तेच काम करते तिच्या हत्याराविषयी दोन घटका विचार करण्यात कमीपणा कसला?

विळीचे गुण आणि विळीच्या मर्यादा

आमचे गाव वेळणेश्वर, तालुका गुहागर. समोर समुद्र, किनाऱ्याला लागून माडांची रांग, मागे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वर फणस-आंब्याची झाडे. अशा गावातल्या घरात विळी नसणे म्हणजे विहिरीला रहाट नसण्यासारखे. कोकणात आणि घाटावर तिला विळी म्हणतात, खाली मालवण-गोव्याकडे गेले की आडाळी किंवा आदोळी हे नाव कानी पडते. पण ही वस्तू आपली एकट्याची नव्हे. बंगालात तिला बोटी म्हणतात, आंध्रात कत्तिपीट, कर्नाटकात ईळिगे मणे आणि तमिळ मुलखात अरुवामनै. नावे निराळी, तत्त्व एकच : पाते स्थिर आणि जिन्नस चालता. सुरीचे नेमके उलट. तेथे जिन्नस स्थिर आणि पाते चालते.

हा भेद दिसतो त्याहून मोठा आहे. पाते पाटाला जखडलेले असल्यामुळे विळीवर दोन्ही हात जिन्नस धरायला मोकळे राहतात. फणस, सुरण, लाल भोपळा असली अवजड आणि ओबडधोबड वस्तू फळीवर ठेवून सुरीने कापताना ती घरंगळते. विळीवर ती दोन हातांत घट्ट धरता येते आणि अंगाचा भार तिच्यावर घालता येतो. दुसरे असे की, विळीचे पाते वाकडे असते. जिन्नस पात्यावरून खाली ओढला म्हणजे तो धारेवर नुसता दाबला जात नाही, धारेच्या लांबीने घसरतही जातो. नुसत्या दाबाने कापण्यापेक्षा घसरत कापण्यास जोर कमी लागतो. करवत ओढल्याशिवाय चालत नाही आणि पिकलेला टोमॅटो नुसत्या दाबाने चिरडतो, यांतले मर्म तेच आहे. तिसरा गुण म्हणजे फळी लागत नाही. चिरलेले वांगे सरळ खालच्या पाण्याच्या भांड्यात पडते आणि काळे पडण्यापासून वाचते.

आता मर्यादा पाहू. विळीला जमिनीवर बसावे लागते. ज्या बाईचे गुडघे साठाव्या वर्षी वाकत नाहीत तिला विळीचे गुण ऐकवून उपयोग नाही. विळीची धार उघडी असते; घरात रांगते मूल असेल तर ती क्षणभरही उभी सोडता येत नाही. आणि सर्व चकत्या एकसारख्या जाडीच्या हव्या असतील तर विळीवर हाताला फार सराव लागतो. म्हणून विळी घेताना चार गोष्टी पाहाव्यात. पाट रुंद आणि जड असावा. एका कडेवर दाब दिल्यास तो उचलला जाता कामा नये. पाते पाटाला जेथे जोडलेले आहे तेथे बोटाने हलवून पाहावे; तेथे जरासाही खिळखिळेपणा असेल तर ती विळी घेऊ नये, कारण डगमगणारे पाते नेमके जोर लावण्याच्या वेळी दगा देते. घडीची विळी असेल तर उघडल्यावर ती पक्की अडकते की नाही आणि मिटल्यावर धार पूर्ण झाकली जाते की नाही हे पाहावे. आणि शेवटी, तिच्यावर प्रत्यक्ष बसून पाहावे. दुकानदार हसला तर हसू द्यावे.

विळी आणि सुरी यांच्यात विळ्याभोपळ्याचे सख्य आहे असे मानण्याचे कारण नाही. उभ्याने काम करणाऱ्या घरासाठी ओट्याच्या कडेला आवळून बसवायची छोटी विळीही मिळते. तीत भार घालता येत नाही, पण पालेभाजी, शेंगा आणि कांदा यांना ती पुरते. सुरी घ्यायची तर रोजच्या कामाला १५ ते २० सेंटिमीटर पात्याची एक आणि साल काढण्यासाठी एक लहान, एवढ्या दोन बहुतेक घरांना पुरतात. पाते मुठीत शेवटपर्यंत गेलेले असावे. मुठीच्या तोंडाशीच संपणारे पाते काही दिवसांनी हलू लागते. सुरीबरोबर लाकडाची किंवा प्लॅस्टिकची फळी हवीच. काचेच्या फळीवर अथवा थेट ग्रॅनाइटच्या ओट्यावर कापले की धार चार दिवसांत मरते. फळीखाली ओले फडके घातले म्हणजे ती सरकत नाही, आणि भाजी धरणाऱ्या हाताच्या बोटांची टोके आत वळवली म्हणजे पाते नखांपर्यंत पोहोचत नाही.

लोखंड की स्टेनलेस स्टील?

जुन्या विळ्यांची पाती कार्बनयुक्त पोलादाची असत. लोहार पाते लाल करून पाण्यात किंवा तेलात बुडवी. यालाच आपण ‘पाणी देणे’ म्हणतो. अशा पोलादाला धार सहज लागते. पण ते गंजते, आणि वांगे, केळफूल, कच्चे केळे यांतील तुरट द्रव्याशी लोखंडाचा संयोग होऊन पाते आणि भाजी दोन्ही काळी पडतात. हा काळेपणा विषारी नव्हे, पण ताटात तो कोणाला आवडत नाही.

१९१३ साली इंग्लंडातील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली या गृहस्थाने क्रोमियम घातलेल्या, न गंजणाऱ्या पोलादावर काम केले आणि शेफील्डच्या सुऱ्यांचा धंदा बदलून गेला. पोलादात क्रोमियमचे प्रमाण सुमारे साडेदहा टक्क्यांच्या वर असले की पृष्ठभागावर एक अतिपातळ संरक्षक थर तयार होतो आणि गंज थांबतो. मात्र ‘स्टेनलेस’ हा शब्द एका पोलादाचे नाव नव्हे, ते एका कुळाचे नाव आहे. ज्या स्टीलची आपली पातेली, डबे आणि ताटे होतात त्यात क्रोमियमबरोबर निकेलही असते. ते भांड्याला उत्तम. पण तापवून आणि बुडवून त्याला कठीण करता येत नाही. त्याचे पाते केले तर चकाकते छान आणि धार लवकर जाते. सुरीसाठी वेगळ्या जातीचे, पाणी देता येणारे स्टील लागते.

ग्राहकाने हे ओळखावे कसे? खिशात एक लहान लोहचुंबक न्यावे. पात्याला चुंबक घट्ट चिकटत नसेल तर ते बहुधा भांड्याच्या जातीचे स्टील आहे आणि धार टिकणार नाही, असे समजावे. चिकटला म्हणजे पाते चांगलेच असे मात्र नव्हे. ती फक्त पहिली परीक्षा होय.

किनाऱ्यावरील गावांना येथे एक जादा विचार करावा लागतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेल्या दिवसांत समुद्राची खारी हवा असते. लोखंडी पाते घेणाऱ्याने ते धुऊन लगेच कोरडे पुसावे आणि त्याला खोबरेल तेलाचा हात लावून ठेवावे. ज्या घरात हे रोज होणार नाही त्या घराने चांगल्या जातीचे स्टेनलेस पाते घ्यावे. जे होणार नाही ते होईल असे धरून खरेदी करू नये.

धार

बोथट हत्यार सुरक्षित असते हा समज आम्ही कारखान्यांतही पाहिला आणि घरांतही पाहिला. खरे ते उलट आहे. धारदार पाते थोड्या जोराने आणि ठरलेल्या वाटेने जाते. बोथट पात्याला जोर जास्त लागतो, ते सालीवरून घसरते आणि सगळा जोर बोटावर येतो. कांद्याच्या डोळ्यांतल्या पाण्याचीही गोष्ट अशीच. कांदा कापताना त्याच्या पेशी फुटतात, त्यांतील द्रव्ये एकत्र येऊन डोळ्यांना झोंबणारा पदार्थ तयार होतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, बोथट पाते कांद्याचे पापुद्रे दाबत नेते आणि मग रसाचे तुषार अधिक संख्येने व अधिक वेगाने उडतात; धारदार पात्याने आणि हलक्या हाताने ते कमी उडतात. आपल्या आज्या हे प्रयोगशाळेवाचून जाणत होत्या.

धारवाल्याकडे पाते दिले की तेथे उभे राहून पाहावे. कोरड्या चाकावर ते फार वेळ दाबून धरले आणि धारेच्या कडेला निळसर छटा आली, तर पात्याला दिलेले पाणी उतरले असे समजावे. त्या जागी पुढे धार टिकत नाही. चाकाला थोडे थोडे टेकवून मधून मधून पाण्यात बुडवणारा कारागीर खरा. सुरीच्या धारेचा कोन प्रत्येक बाजूला साधारण १५ ते २० अंश असावा. त्याहून बारीक धार नारळाच्या करवंटीला लागताच दुमडते. वर्षातून दोनदा धारवाला आणि मधल्या काळात घरच्या निसण्यावर चार हात, एवढी काळजी बहुतेक घरांना पुरते.

खवणी, किसणी आणि चकत्यांचे यंत्र

खवणे आणि किसणे यांत पुष्कळ सुशिक्षित माणसे गल्लत करतात. ओले खोबरे करवंटीला चिकटलेले असते आणि त्याचा आकार आत वळलेल्या वाटीसारखा असतो. म्हणून त्याला बाहेर फुगलेले, गोल, दातेरी टोक लागते. ते वाटीच्या आत बरोबर बसते. सुके खोबरे करवंटीतून सुटलेले असते, म्हणून ते सपाट किसणीवर घासता येते. विळीच्या टोकाला बसवलेली खवणी रोजच्या एका नारळाला पुरेशी आहे. खवणी घेताना दात्यांची टोके तीक्ष्ण आहेत आणि सर्व दाते एका गोलाईत आहेत हे पाहावे. एखादा दाता पुढे आला असेल तर तो करवंटीचा काळा भुगा खोबऱ्यात ओढतो.

ज्यांच्या घरी पर्यटकांची निवास-न्याहारीची सोय आहे, सोलकढी आणि मोदक यांसाठी दिवसाला दहा-बारा नारळ लागतात, त्यांची गोष्ट वेगळी. तेथे ओट्याला आवळायची आणि दांड्याने फिरवायची खवणी घ्यावी. तीत मनगट एकाच कोनात वारंवार मुडपत नाही. त्याहून अधिक काम असेल तर विजेवर चालणाऱ्या ओल्या वाटणयंत्राला जोडायची खवणी मिळते.

किसणीचे मर्म तिच्या भोकांत आहे. साध्या पत्र्याच्या किसणीची भोके ठोकून पाडलेली असतात. तिचे दाते जिन्नस अर्धा कापतात आणि अर्धा फाडतात. आल्याला किंवा बटाट्याच्या किसाला ते चालते. गाजर लांब आणि कोरडे किसायचे असेल तर ज्या किसणीच्या भोकाची कड पात्यासारखी घासलेली आहे ती घ्यावी. अगदी बारीक किसासाठी रासायनिक पद्धतीने कोरलेल्या बारीक पात्यांची लांबट किसणी अलीकडे मिळते. तिचा जन्म अमेरिकेत सुतारकामाच्या कानशीतून झाला. १९९४ साली कॅनडातील एका बाईने नवऱ्याच्या हत्यारांच्या दुकानातली ती कानस घेऊन संत्र्याची साल किसली, तेव्हा तिचे खरे काम सापडले. हत्यार बनवणाऱ्याला जे सुचले नाही ते वापरणारीला सुचले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

वेफर्स आणि चकत्या यांसाठी फळीवजा यंत्र मिळते. त्यात पाते तिरपे बसवलेले असते आणि जाडी कमीजास्त करता येते. उपवासाच्या दिवसांत आणि उन्हाळी वाळवणाच्या वेळी ते फार उपयोगी. पण घरातल्या सर्व हत्यारांत बोटे सर्वांत झटपट कापणारे हत्यारही तेच. त्याच्याबरोबर येणारा, बटाटा धरण्याचा मुठीसारखा तुकडा पहिल्या दिवशी खोक्यात राहतो आणि मग कधी बाहेर येत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यातील २१ वे कलम यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालण्याची सक्ती मालकावर करीत असे. घराला असा कायदा नाही, म्हणून घराने तो आपणच करावा : धरण्याचा तुकडा नसेल तर यंत्र नाही. आणि किसणी असो वा चकत्यांचे यंत्र, शेवटचा बोटभर तुकडा किसू नये. तो खाऊन टाकावा किंवा आमटीत घालावा. तेवढ्या बचतीसाठी बोटाची किंमत मोजणे हा वाईट व्यवहार होय.

दोरी ओढून किंवा विजेवर पाते फिरवणारे डबे कांदा, मिरची, कोथिंबीर यांना बरे. टोमॅटोचा त्यात लगदा होतो आणि पालेभाजीला पाणी सुटते. विजेच्या यंत्रात हात घालण्यापूर्वी बटण बंद करणे पुरे नाही, प्लग काढावा. आणि फिरत्या यंत्राजवळ हातमोजा कधी घालू नये. मासे साफ करताना न कापणारा हातमोजा उपयोगी पडतो. फिरत्या पात्यापाशी तोच मोजा बोटाला आत ओढतो.

बसणे, उभे राहणे आणि वेळेचा हिशेब

रत्नागिरी जिल्ह्यात काजूच्या कारखान्यांत बायका हातापायांनी चालणाऱ्या यंत्रावर काजूबी फोडतात. काजूच्या टरफलातले तेल कातडी जाळते, म्हणून त्या हातांना दुसरे तेल लावून बसतात. घरी फणसाच्या चिकासाठी आणि सुरणाच्या खाजेसाठी तेलाचा हात लावतात तसेच. अशा एका कारखान्यात यंत्राचा दांडा उंच आणि बसायची बाके बुटकी होती. बायका पोत्यांच्या घड्या घालून बसत आणि संध्याकाळी खांदे चोळत घरी जात. बाके उंच करून द्या अशी मागणी आम्ही केली तेव्हा उत्तर मिळाले की, बायकांना सवय झाली आहे. सवय झाली म्हणजे त्रास संपला असे नव्हे. त्रास मोजणे बंद झाले एवढाच त्याचा अर्थ.

घरातही हेच. पूर्वी सगळे काम खाली बसून होते, आता सगळे उभ्याने होते. दोन्हींत शरीराला निवड नाही. जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात १९२६ साली मार्गारेट शुटे-लिहोत्स्की या स्त्री वास्तुशास्त्रज्ञाने कामगारांच्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखले. तिने बाईच्या हालचालींचा अभ्यास केला, भाजी कापण्याची जागा उजेडाला खिडकीपाशी ठेवली, तेथेच टरफले ढकलायचा खण केला आणि बसायला फिरते स्टूल दिले. चिरण्या-किसण्याचे काम उंच स्टुलावर बसून करता येते, एवढी साधी गोष्ट आपल्या ओट्यांच्या आखणीत अजून शिरलेली नाही. नवे यंत्र घेण्यापूर्वी एक स्टूल घ्यावे, असे आम्ही अनेक घरांना सांगतो.

यंत्राच्या वेळेचा हिशेबही पुरा करावा. समजा, दोन कांदे विळीवर चिरायला तीन मिनिटे लागतात आणि यंत्रात अर्धे मिनिट. पण यंत्र माळ्यावरून काढणे, जोडणे, नंतर पाते, झाकण आणि भांडे धुणे, पुसणे, पुन्हा ठेवणे यांची मिनिटे धरली तर हिशेब उलटतो. तेच वीस कांदे असतील तर यंत्र जिंकते. म्हणून चौघांच्या घराला जे उधळपट्टीचे ते खानावळीला काटकसरीचे ठरते. गिरणगावात कोकणातून गेलेल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त संघटित केले आणि त्यांच्यासाठी बँकांचे दार उघडले. या बायका सावकाराच्या व्याजात अडकल्या होत्या. ज्या घरात स्वयंपाक हाच धंदा आहे तेथे हत्यार हे भांडवल असते, आणि भांडवलाला कर्ज मिळाले पाहिजे, हा विचार त्यामागे होता.

हत्यार कोणी निवडावे?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत २०१९ साली असे दिसले की, घरचे बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि ते काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. या पाच वर्षांत किती तरी नवी यंत्रे घरांत आली असतील. बायकांची दहा मिनिटे वाचली, आणि पुरुषांनीही आपली नऊ मिनिटे वाचवून घेतली! रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ सालच्या आपल्या पुस्तकात हेच दाखवले होते : यंत्रे आली, कष्टाचे स्वरूप बदलले, पण घरातली इतर माणसे कामातून सुटली आणि बाईचे तास फारसे कमी झाले नाहीत.

गणपतीला गावी येणारा चाकरमानी मुंबईहून नवे चिरायचे यंत्र घेऊन येतो. हेतू प्रेमाचाच असतो. पण ते कोणी वापरायचे, कोठे ठेवायचे, कोणी धुवायचे हे त्याने विचारलेले नसते. दिवाळीपर्यंत ते यंत्र माळ्यावर जाते आणि मग ‘हिला नवे काही जमतच नाही’ असा शेरा मिळतो. कारखान्यात मालक कामगारांना न विचारता यंत्र आणतो आणि उत्पादन पडले की दोष कामगाराला देतो, तो प्रकार आणि हा प्रकार सख्खे भाऊ आहेत. ज्याचे हात, त्याची निवड, हे तत्त्व आम्ही कारखान्यात मांडतो; ते उंबऱ्याच्या आत बदलत नाही.

आणि हातही एकाच माणसाचे का असावेत? पुरुषाला विळी येत नाही असे म्हणतात. पण गावजेवणाच्या आदल्या रात्री कोकणात पहा. ओळीने विळ्या मांडून पुरुषमंडळी बसतात, भोपळ्यांच्या राशी फोडतात, नारळांवर नारळ खवतात आणि गप्पांत पहाट करतात. म्हणजे कला हातात आहे. फक्त ती वर्षातून दोनदा बाहेर येते. ती रोज पंधरा मिनिटे बाहेर आली तर कोणत्याही यंत्राहून अधिक वेळ वाचेल.

खरेदीला निघताना

सारांशाने सांगायचे तर दुकानात जाण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. पहिला : काम कोणते, चिरण्याचे, किसण्याचे, खवण्याचे की चकत्यांचे, आणि ते रोज किती? दुसरा : पाते कोणत्या धातूचे आणि त्याला धार पुन्हा लावता येईल काय? तिसरा : धार झाकण्याची आणि बोटे दूर ठेवण्याची सोय काय? चौथा : वापरणारीचे गुडघे, पाठ आणि मनगट यांना ते मानवते काय? पाचवा : धुवायला आणि ठेवायला किती वेळ लागेल? पाचांची उत्तरे वापरणाऱ्या माणसाने द्यावीत, पैसे देणाऱ्याने नव्हे. कच्चे मासे-मटण आणि कोशिंबीर यांना एकच पाते वापरण्याची वेळ आली तर मध्ये ते साबणाने धुवावे. परवडत असेल तर वेगळेच ठेवावे.

इतके करूनही कधी बोट कापते. त्या वेळी हळद किंवा कॉफीची पूड भरू नये. स्वच्छ फडक्याने जखम दहा मिनिटे न सोडता दाबून धरावी, हात वर ठेवावा, रक्त थांबल्यावर वाहत्या पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनाविषयी डॉक्टरला विचारावे. रक्त थांबत नसेल किंवा बोट वाकत नसेल तर दवाखाना गाठावा. बोटाचा तुकडा तुटला असेल तर तो स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. तुकडा थेट बर्फात टाकू नये. आमच्यासारख्या गावांतून मोठे इस्पितळ दूर असते, म्हणून हे आधीच ठाऊक असावे.

आपण घरी गेल्यावर एवढेच करावे. स्वयंपाकघरातील विळी हातात घेऊन तिचे पाते हलवून पाहावे, धार पाहावी, आणि जी रोज तिच्यावर बसते तिला विचारावे की हे हत्यार तुला बरे पडते काय. हा प्रश्न बहुतेक घरांत आजवर कोणी विचारलेला नाही. उत्तर ऐकून घ्यायला मात्र थोडा वेळ काढून बसावे, आणि बसताना चिरायला थोडी भाजी पुढ्यात ओढून घ्यावी.